पन्हाळ्याला आणि अंतराळाला एकच नियमावली पुरेल का?

धागालेखक (मंगळवार पेठ):
आमचा गट रविवारी फाशांवरचा भूमिकाखेळ खेळतो, म्हणजे प्रत्येक जण एकेक पात्र होऊन कथा पुढे नेतो. पुढच्या कथेसाठी आम्ही जुलै १६६० मधील पन्हाळा ते विशाळगड ही वाट निवडली असून, त्यानंतर अंतराळातील कथा घेण्याचा विचार आहे. दर वेळी नवे नियम शिकण्यापेक्षा १९८६ साली आलेली ‘गर्प्स’ ही कोणत्याही कथेला चालणारी नियमावली कायम ठेवावी, असे माझे मत आहे. तीन फाशांची बेरीज कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी आली की काम फत्ते. मग पात्र मावळा असो वा अंतराळवीर. शिवाय तिच्यात थकवा आणि अंगावरचे ओझे आकड्यांत मोजले जाते, त्यामुळे मसाई पठारावर पावसात पालखी वाहणाऱ्यांची दमछाक खरी वाटते.

प्रतिसाद (गंगावेश):
असहमत. ‘गर्प्स’मध्ये लढाईतील एक पाळी म्हणजे एक सेकंद. कित्येक तास लढवलेली घोडखिंड त्या हिशेबाने खेळायला बसलो, तर विशाळगडावरच्या तोफा ऐकू येईपर्यंत दिवाळी उजाडेल. त्याहून खटकते ते हे, की कर्तव्यनिष्ठा तिथे उणिवांच्या यादीत आहे. ज्या निष्ठेपायी बाजीप्रभू खिंडीत उभे राहिले, ती उणीव कशी?

धागालेखक:
‘उणीव’ हा शब्द मलाही रुचत नाही. मात्र जे बंधन पात्राला माघार घेऊ देत नाही, त्याचा मोबदला म्हणून खेळाडूला पात्र घडवण्यासाठी जादा गुण मिळतात, म्हणजे निष्ठेची किंमत नियमांनी ओळखलेलीच आहे. सेकंदांचा मुद्दा अर्धाच मान्य आहे, कारण प्रत्येक वार खेळवण्याची सूत्रधारावर, म्हणजे खेळ चालवणाऱ्यावर, सक्ती नसते.

प्रतिसाद (राजारामपुरी):
मी नवख्यांना खेळवते. २००४ च्या चौथ्या आवृत्तीची मूळ नियमावलीच दोन खंडांची असल्याने आमची पहिली संध्याकाळ पात्रे घडवण्यातच गेली. ताकदीची एक पायरी १० गुणांना आणि चपळाईची २० गुणांना मिळते, हे ऐकून तालमीत जाणाऱ्या एका मुलाने विचारले, “म्हणजे ताकद स्वस्त?” (वस्तादांच्या कानावर हे न गेलेलेच बरे.) आम्ही पुढे ‘फेट’ ही दुसरी नियमावली घेतली. तिच्यात ‘शब्दाला जागणारा मावळा’ असे पात्राविषयी लिहिले, की तेच वाक्य त्याला बळ देते आणि तेच अडचणीतही आणते. तीही कोणत्याही कथेला चालणारी पद्धत आहे. त्यामुळे दोष सार्वत्रिकतेचा नसून तपशिलाच्या भाराचा आहे.

प्रतिसाद (गंगावेश):
हे पटते. तरीही पठारापर्यंतच्या वाटेला ‘गर्प्स’ चालेल, खिंडीत मात्र मी तिचे फासे हातात घेणार नाही.