‘वोक’ला मराठीत काय म्हणायचं?

‘वोक’ (woke) या इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ विचारला की बहुतेक जण ‘अतिपुरोगामी’ किंवा ‘पुरोगामित्वाचा आव आणणारा’ असं सांगतात. आजच्या बातम्यांपुरतं ते बरोबरही आहे. पण तो या शब्दाचा सगळ्यात अलीकडचा अर्थ झाला. पहिला अर्थ कुणाचा होता आणि तो कसा पुसला गेला, हे न सांगता नुसता प्रतिशब्द देऊन मोकळं होणं मला पटत नाही.

१९३१ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात दोन गोऱ्या स्त्रियांवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप नऊ काळ्या मुलांवर ठेवला गेला. ‘स्कॉट्सबरो बॉइज’ या नावाने तो खटला गाजला. लेड बेली या काळ्या गायकाने त्यावर गाणं रचलं. १९३८ च्या ध्वनिमुद्रणात गाणं संपल्यावर तो साध्या बोलण्यात सांगतो: तिकडून जाताना जपून राहा, ‘स्टे वोक’, डोळे उघडे ठेवा. आपल्याकडे यासाठी तयार वाक्य आहे, ‘रात्र वैऱ्याची आहे, जागा राहा.’ ‘वोक’ म्हणजे नेमका हा ‘जागा’. इथे प्रश्न मतांचा नव्हता, जिवाचा होता.

व्याकरणही बघा. प्रमाण इंग्रजीत ‘वोक’ हे भूतकाळाचं रूप, विशेषण हवं तर ‘अवेक’. काळ्यांच्या बोलीत भूतकाळाचं रूपच विशेषण झालं. शाळेच्या वहीत यावर लाल शाईच पडली असती.

१९६२ मध्ये विल्यम मेल्विन केली या काळ्या लेखकाने न्यूयॉर्क टाइम्समध्ये या बोलीवर लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच ‘वोक’ होता. काळ्यांचे शब्द बाहेरचे लोक उचलतात, हा विषय त्या लेखातही आहे, म्हणजे आजचा वाद काही आजचा नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या फर्ग्युसन गावात पोलिसाच्या गोळीने मायकेल ब्राउन हा काळा तरुण मारला गेला आणि निदर्शनांमधून ‘स्टे वोक’ सगळीकडे पोचला. २०१७ मध्ये ऑक्सफर्ड कोशाने ‘सामाजिक अन्यायाची जाण असलेला’ हा नवा अर्थ नोंदवला. २०२२ मध्ये फ्लोरिडा राज्याने वंशभेदाविषयी काय शिकवावं यावर बंधनं घालणारा जो कायदा केला तो ‘स्टॉप वोक’ याच नावाने ओळखला जातो. सावध राहण्याचा इशारा आठ वर्षांत शिवीच्या जागी जाऊन बसला, आणि तसा वापरणाऱ्यांत ज्यांना कधी तसं सावध राहावं लागलं नव्हतं असे कितीतरी लोक होते. मला याचा राग येतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की शब्द कुणाच्या बापाचे नसतात, भाषा उसनवारीवरच वाढते. हे मला मान्य आहे. काळ्या जॅझवाल्यांचा ‘कूल’ आज सगळं जग वापरतं, त्याबद्दल कुणी भांडत नाही आणि भांडूही नये. दुखतं ते वेगळ्याच ठिकाणी. एकच शब्द एकाच्या तोंडी स्मार्ट ठरतो आणि दुसऱ्याच्या तोंडी त्याच्यावर उलटतो.

‘डॉग’ घ्या. काळ्यांच्या बोलीत त्याचा अर्थ ‘भावा’, ‘मित्रा’. गोरी कॉलेजची मुलंही एकमेकांना सर्रास ‘डॉग’ म्हणतात. लुइझियाना राज्यात पोलिसांच्या चौकशीत एक काळा संशयित म्हणाला, मी हे केलं असं तुम्हाला वाटत असेल तर ‘गिव्ह मी अ लॉयर डॉग’. मराठीत सांगायचं तर, ‘मला वकील द्या ना, भावा.’ वकील मागितल्यावर चौकशी थांबवावी लागते. ती थांबली नाही. २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्ज ऐकायला नकार दिला, आणि एका न्यायमूर्तींनी वेगळ्या टिपणात लिहिलं की ‘लॉयर डॉग’चा उल्लेख संदिग्ध आहे, ती वकिलाची मागणी ठरत नाही. एका स्वल्पविरामाचा प्रश्न होता. ‘वकील, भावा’ हे ‘वकील-कुत्रा’ असं वाचलं गेलं.

आणि उचलणारे शब्द उचलतात, व्याकरण मागेच राहतं. ‘ही बी वर्किंग’ (He be working) हे अडाणी इंग्रजी आहे असं अजून सहज म्हटलं जातं. आपल्याला तरी हे कळायला जड जाऊ नये. ‘तो काम करतोय’ आणि ‘तो काम करत असतो’ यांत जो फरक, तोच ‘ही वर्किंग’ आणि ‘ही बी वर्किंग’ यांत आहे. जॅनिस जॅक्सन या संशोधिकेने लहान मुलांना टीव्हीवरच्या बाहुल्यांचं एक चित्र दाखवलं: एल्मो बिस्किटं खातोय, आणि बिस्किटांसाठी प्रसिद्ध असलेला कुकी मॉन्स्टर आजारी पडून आहे. ‘हू बी ईटिंग कुकीज?’ या प्रश्नाला काळी मुलं ‘कुकी मॉन्स्टर’ म्हणाली, गोऱ्या मुलांनी मुख्यतः एल्मोकडे बोट दाखवलं. ‘कोण खात असतं?’ असा तो प्रश्न होता आणि काळ्या मुलांचं उत्तर अचूक होतं. प्रमाण इंग्रजीला हाच अर्थ सांगायला ‘नेहमी’सारखा जादा शब्द घ्यावा लागतो.

प्रतिक्रिया मात्र एकसुरी नसतात. २०२१ मध्ये ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या अमेरिकी विनोदी टीव्ही कार्यक्रमात तरुण पिढीच्या बोलण्यावर एक प्रहसन झालं. ही भाषा ‘जेन झी’ची, म्हणजे या तरुण पिढीची नव्हे, काळ्यांची आहे, अशी टीका झाली. प्रहसन लिहिणारा मायकेल चे स्वतः काळा. त्याने जाहीरपणे सांगितलं की या बोलीचं अभ्यासकांनी ठरवलेलं नावच आपल्याला माहीत नव्हतं, शोधावं लागलं. म्हणजे घरात बोलणाऱ्याला घरच्या भाषेचं नाव बाहेरच्यांनी सांगितलं. तरीही टीका मला योग्य वाटते, कारण ‘पिढीची भाषा’ असा शिक्का बसला की मूळ बोलणारे हिशेबातून जातात.

एन-शब्दाबद्दल, म्हणजे काळ्यांना दिल्या जाणाऱ्या ‘एन’ अक्षराने सुरू होणाऱ्या शिवीबद्दल, थोडक्यात. २०१८ मध्ये अलाबामातल्या कार्यक्रमात केंड्रिक लमार या काळ्या रॅपरने एका गोऱ्या चाहतीला गायला मंचावर बोलावलं. ओळीतला तो शब्द तिने जसाच्या तसा म्हटला आणि त्याने तिला थांबवलं. ‘त्याने लिहिला, मग तिने का म्हणू नये?’ असं विचारणाऱ्याने ‘मेल्या’ हा शब्द आठवावा. आजीने नातवाला म्हटला तर लाड, अनोळखी माणसाने म्हटला तर भांडण. आणि एन-शब्दामागे तर गुलामगिरी उभी आहे.

तर माझी नोंद अशी: वोक (वि.) १. जागा, सावध; विशेषतः वर्णद्वेषाच्या धोक्याबाबत. मूळ आफ्रिकन-अमेरिकन बोली. २. सामाजिक अन्यायाची जाण असलेला. ३. (हेटाळणीने) पुरोगामित्वाचा आव आणणारा. क्रम उलटा करावा असं कुणाला वाटत असेल तर कारण जरूर सांगा. ‘मूळ’ची ओळ मात्र मी काढणार नाही.