१४ महिन्यांचं बाळ, अर्धवट कार्ड : लसी पहिल्यापासून घ्यायच्या का?

रानपाखरू
कारखान्यावरच्या ऊसतोड टोळीतल्या एका कुटुंबासाठी विचारतोय. धाकटा मुलगा १४ महिन्यांचा, वजन साडेआठ किलो. कार्डावर जन्माच्या वेळचे बीसीजी, कावीळ ब आणि पोलिओ आहेत, दीड महिन्याचे सगळे डोसही आहेत. पुढे टोळी हलली आणि सगळे रकाने कोरे. थोरली मुलगी ११ वर्षांची. तिचं कार्डच नाही. मागच्या वर्षी कोयता लागला तेव्हा खाजगीत ‘धनुर्वाताचं’ इंजेक्शन घेतलं होतं, एवढंच सांगतात.

कोपीवर (टोळीच्या झोपडीत) अजून दोन-सव्वादोन महिने आहेत, मग गावाकडं. बाळाचं सगळं पहिल्यापासून सुरू करायचं का? एका दिवसात किती सुया टोचलेल्या चालतात? आजी म्हणते एका वेळी एकच. त्यात बाळाला सर्दीही आहे. आणि मुलीला आता काय द्यायचं?

लसवाली
पहिल्यापासून काहीही नाही. जिथं थांबलं तिथून पुढे. दोन डोसांत कमीत कमी अंतर पाळावं लागतं, जास्त पडलं तर आधीचे डोस वाया जात नाहीत.

या बाळाचं नशीब असं, की पेंटा (पाच आजारांची एकत्र लस), रोटा (जुलाबाविरुद्धची) आणि पीसीव्ही (न्यूमोनियाविरुद्धची) तिन्हींचा पहिला डोस वर्षाच्या आत झालाय, म्हणून तिन्ही पुढे पूर्ण करता येतात. पेंटाचा एकही डोस नसता तर वर्षानंतर पेंटा सुरू केली नसती, त्याऐवजी डीपीटीचे (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) तीन डोस दिले असते. रोटा आणि पीसीव्हीही मग सरकारी कार्यक्रमात सुरू होत नाहीत. बीसीजीही वर्षापर्यंतच.

आज (लसीकरण सत्राच्या दिवशी): पेंटा २, पीसीव्ही २, आयपीव्हीचा (टोचायच्या पोलिओ लसीचा) दुसरा डोस, गोवर-रुबेला १. तोंडावाटे पोलिओ २ आणि रोटा २. सोबत ‘अ’ जीवनसत्त्व १ मिली, म्हणजे १ लाख युनिट.

४ आठवड्यांनी: पेंटा ३, पोलिओ ३, रोटा ३.

आजपासून ८ आठवड्यांनी: पीसीव्हीचा बूस्टर. बाळाला तोवर १६ महिने पुरे होत असतील तर त्याच दिवशी गोवर-रुबेला २ सुद्धा. म्हणजे टोळी निघायच्या आत बरंच काम उरकतं. आयपीव्हीचा तिसरा डोस कधी, ते सिस्टरना कार्डावर पेन्सिलीनं लिहून द्यायला सांगा.

गावाकडं गेल्यावर डीपीटीचा पहिला बूस्टर आणि पोलिओचा बूस्टर. इथं हमखास चूक होते. वय १६ ते २४ महिने बघून टोचून टाकतात, पण पेंटा ३ नंतर ६ महिने जायला हवेत. पेंटा ३ पंधराव्या महिन्यात झाली तर बूस्टर एकविसाव्यात. ‘अ’ जीवनसत्त्वाचा पुढचा डोस (२ मिली) सुद्धा आजच्यापासून ६ महिन्यांनी, आधी नाही. मूळ गाव विदर्भातल्या जपानी मेंदूज्वराच्या जिल्ह्यात असेल तर जेईची लसही लागते, हे तिथल्या आशाताईला विचारा.

सर्दी, खोकला, थोडे जुलाब, अंग कोमट असणं, चालू असलेलं अँटिबायोटिक, बाळ अशक्त असणं, यातल्या कशानंही लस थांबत नाही. जोराचा ताप असेल किंवा बाळ खरंच आजारी असेल तर बरं होईपर्यंत थांबायचं.

कडुलिंब७१
एकाच दिवशी चार सुया आणि दोन तोंडी डोस? एवढ्याशा जिवाला झेपेल का? आजी उगाच नाही म्हणत.

लसवाली
@कडुलिंब७१ झेपतं. बाळाच्या तोंडात बोट गेलं तरी यापेक्षा कितीतरी जास्त जंतूंशी शरीराचा सामना होतो. लसीत मोजून काही प्रथिनं किंवा निष्प्रभ केलेले जंतू असतात. एकेक करून दिलं तर चार खेपा लागतील, आणि ही टोळी सव्वादोन महिन्यांनी निघणार. आजीला सांगायचं तर एवढंच, की पुढच्या खेपेवर ढकललेले डोसच राहून जातात.

जागा मात्र वेगळ्या. पेंटा डाव्या मांडीला, पीसीव्ही उजव्या मांडीला, दोन्ही मांडीच्या मध्यावर, पुढच्या-बाहेरच्या बाजूला. गोवर-रुबेला उजव्या दंडाला कातडीखाली, आयपीव्ही दुसऱ्या दंडाला कातडीत, ०.१ मिली. एकाच अवयवावर दोन टोचण्या आल्या तर मध्ये निदान अडीच सेंटीमीटर सोडायचे. कुल्ल्यावर बाळाला लस टोचत नाहीत. तिथं चरबी जास्त आणि मोठी नस जवळ असते.

कुठल्या अंगाला काय टोचलं ते कार्डावर लिहून घ्या. पुढे गाठ आली तर कारण शोधायला तेच कामी येतं.

एक नियम वेगळा: टोचायच्या दोन जिवंत लसी एकाच दिवशी द्यायच्या, नाहीतर मध्ये ४ आठवडे जाऊ द्यायचे. तोंडी पोलिओ आणि रोटाला ही अट नाही.

शीतसाखळी
पालकांनी लस टोचण्याआधी दोन गोष्टी बघायला काही हरकत नाही. कुणी रागावलं तर रागावू द्या.

एक, व्हायलवरचा (लसीच्या बाटलीवरचा) चौकोन. बाहेरचं वर्तुळ जांभळं असतं, आतला चौकोन त्याहून फिका असला तर लस वापरता येते. चौकोन वर्तुळाच्या रंगाचा झाला किंवा त्याहून गडद दिसला तर ती व्हायल बाद. ही खूण उष्णतेचं सांगते, गोठण्याचं सांगत नाही. पेंटा, डीपीटी, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची), कावीळ ब, पीसीव्ही, आयपीव्ही या गोठल्या की खराब होतात, आणि ते चौकोनावरून कळत नाही. पेंटा, डीपीटी, टीडी, कावीळ ब आणि पीसीव्हीत ॲल्युमिनियमचं मीठ असतं. गोठून वितळलं की त्याचे कण गुठळ्या होऊन बसतात, टोचलेल्या जागी गळूही होऊ शकतं. याचं कारण बहुतेक वेळा कॅरियरमधल्या (लस नेायच्या थंड डब्यातल्या) बर्फाच्या पॅकमध्ये असतं. पॅक फ्रीजरमधून काढून सरळ भरला की लस गोठते. तो बाहेर ठेवून, हलवल्यावर आतून पाण्याचा आवाज आला की मगच भरायचा.

दोन, गोवर-रुबेला आणि बीसीजी द्रावकात (सोबत येणाऱ्या पातळ द्रवात) मिसळल्यावर ४ तासांत किंवा सत्र संपताना, जे आधी होईल तेव्हा टाकून द्यायची. मिसळल्याची वेळ व्हायलवर लिहिलेली असायला हवी. यात जंतू मारणारं औषध नसतं. उरलेली दुपारी वापरली तर स्टॅफायलोकोकस जंतू वाढून विषारी धक्का बसू शकतो, अचानक जोराचा ताप, उलट्या, जुलाब, आणि बाळ जाऊही शकतं. सुई, द्रावक, सिरिंज हेही तेवढेच महत्त्वाचे. द्रावक त्याच कंपनीचं, थंड केलेलं, आणि एकदा वापरली की आपोआप अडकणारी सिरिंज. उघडलेली पेंटा किंवा टीडी मात्र नीट ठेवली तर २८ दिवस चालते, ती उघडी दिसली म्हणून घाबरू नका.

थेंबमाप
तापाबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून. पेंटानंतर ताप आणि मांडीला कडकपणा एक-दोन दिवस राहतो. गोवर-रुबेलाचा ताप किंवा पुरळ मात्र पाचव्या ते बाराव्या दिवसात येतो, तेव्हा लोकांना लसीची आठवणही राहिलेली नसते. आणि ताप आला नाही म्हणून लस लागू झाली नाही, असं काही नाही.

ताप आल्यावरच पॅरासिटामॉल, आधी नाही. डोस वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम प्रति किलो. साडेआठ किलोच्या बाळाला साधारण ८५ ते १२५ मिलिग्रॅम. बाटलीवर ताकद वाचा:
- ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं सिरप : साडेतीन ते ५ मिली
- ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचं सिरप : पावणेदोन ते अडीच मिली
- १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे ड्रॉप्स : पाऊण मिलीच्या वर, सव्वा मिलीपर्यंत

एका चमच्यानं तिन्ही मोजले की गफलत. ड्रॉप्स ५ मिली पाजले तर ५०० मिलिग्रॅम जातात, जास्तीत जास्त डोसाच्याही साधारण चौपट. दोन डोसांत निदान ४ ते ६ तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. ॲस्पिरिन बाळाला कधीच नाही.

टोचलेल्या जागी चोळायचं नाही, हळद-चुना लावायचा नाही. बीसीजीची जागा फुगून, पिकून, खपली पडून व्रण उठतो, तो साधारण दीड ते तीन महिन्यांत. फोडायचा नाही. व्रण उठला नाही तरी पुन्हा टोचत नाहीत.

शाळातपासणी
मुलीचं बघू. सात वर्षांनंतर डीपीटी देत नाहीत, टीडी देतात. त्यात घटसर्पाचा अंश कमी केलेला असतो, मोठ्या वयात पूर्ण मात्रेनं दंड फार सुजतो. मागच्या वर्षीचं इंजेक्शन टीटी (नुसत्या धनुर्वाताचं) होतं की टीडी, ते कागदावर बघा. टीटी असेल तर धनुर्वाताचा भाग झाला, घटसर्पाचा राहिला, आणि १० वर्षांची टीडी बाकीच आहे. एवढं अंतर पडल्यावर आज टीडी द्यायला अडचण नाही. लहानपणचं काहीच सापडत नसेल तर न टोचलेली धरून चालावं: आज, ४ आठवड्यांनी, आणि मग ६ महिन्यांनी. सोळाव्या वर्षीची टीडी वेगळी.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस ९ ते १४ या वयात दोन डोसांत, ६ महिन्यांच्या अंतरानं होते. पंधरा वर्षं पूर्ण झाली की तीन डोस, म्हणून पुढं ढकलू नका.

आणि ही वयाची मुलं सुई बघून चक्कर येऊन पडतात. उपाशी आणू नका, बसवून टोचा, नंतर अर्धा तास तिथंच. चक्कर आली तर फिकट, घामेजलेली, नाडी मंद. आडवं करून पाय उंच केले की सावरते. अंगावर गांधी उठल्या, घशात घरघर, नाडी जलद असेल तर ती ॲलर्जी. तिथं पाणी शिंपडत बसायचं नाही, मांडीत ॲड्रेनॅलिन, १:१००० चं, किलोला ०.०१ मिली; ३० किलोच्या मुलीला ०.३ मिली. १०८ त्यानंतर.

रानपाखरू
कळलं. टीटीचा कागद शोधायला सांगितलाय. बुधवारच्या सत्राला दोघांना नेतो. कार्ड कोपीत भिजतं, काय करावं?

लसवाली
दोन्ही बाजूंचे फोटो घरातल्या दोन मोबाइलवर. शिवाय यूविनवर (सरकारच्या ऑनलाइन लसनोंदणीत) नोंद करताना टोळी हलली तरी बदलणार नाही असा नंबर द्या. मुकादमाचा नको, बापाचा.