क्रेन मॉडेल: सिम्युलेशनमध्ये लोड शांत, टेबलवर मात्र झुलून राहिला

फायनलइयर_मेक:
मेकॅनिकल, शेवटचं वर्ष, नागपूर. टॉवर क्रेनच्या ट्रॉलीचं (लोड टांगून सरकणाऱ्या गाडीचं) नियंत्रण रिइन्फोर्समेंट लर्निंगने, म्हणजे गुण मिळवत स्वतः शिकणाऱ्या प्रोग्रामने, करायचं, असा प्रोजेक्ट आहे. सध्या जिब (क्रेनचा आडवा हात) फिरवत नाही, ट्रॉली फक्त पुढे-मागे.

सेटअप: १.२ मीटरची ॲल्युमिनियम रेल, नेमा १७ स्टेपर (पायरी-पायरीने फिरणारी मोटर), ए४९८८ ड्रायव्हर १/१६ मायक्रोस्टेपवर (एका स्टेपचे १६ भाग), जीटी२ बेल्ट, २० दातांची पुली. मोटर माउंट पीएलए प्लास्टिकमध्ये ३डी प्रिंट केलंय. दोरी ०.६ मीटर, लोड २०० ग्रॅम. लोडवरच एमपीयू६०५० (ॲक्सेलरोमीटर आणि जायरो असलेला सेन्सर) चिकटवलाय, दोन्हींची वाचनं मिसळणारा कॉम्प्लिमेंटरी फिल्टर ०.९० (जायरोचा वाटा), ५० हर्ट्झ. अर्डुइनो उनोवर ॲक्सेलस्टेपर लायब्ररी. पॉलिसी (शिकलेला नियंत्रक) लॅपटॉपवर चालते आणि यूएसबीवरून वेग पाठवते, कमाल ३०० मिमी/से.

ट्रेनिंग पीपीओ या अल्गोरिदमने, २० लाख स्टेप. रिवॉर्ड (पॉलिसीला मिळणारे गुण) म्हणजे उणे अंतर, उणे कोनाचा वर्ग. लोडचं वजन ५० ते ५०० ग्रॅम रँडम ठेवलंय. सिम्युलेशनमध्ये ८०० मिमी जाऊन थांबल्यावर झोका अर्धा अंश, टेबलवर ८ अंश. आणि हे ८ मोबाइलच्या व्हिडिओत दिसतात, लॉगमध्ये ५ सुद्धा येत नाहीत. गाइड सर म्हणतात अजून ट्रेन करा. १ कोटी स्टेप केल्या तर फरक पडेल का? पंधरा दिवसांनी रिव्ह्यू आहे.

लोलकवाला:
नाही पडणार. तुमची पॉलिसी जो कोन बघते तो खोटा आहे, आधी तेवढं दुरुस्त करा.

दोरीला टांगलेल्या लोडवरचा ॲक्सेलरोमीटर झोका दाखवतच नाही. लोडवर गुरुत्वाकर्षण सोडून एकच बळ असतं, दोरीचा ताण, आणि तो कायम दोरीच्या दिशेने. सेन्सर दोरीबरोबरच तिरका होतो, त्यामुळे त्याला "खाली" नेहमी दोरीच्या रेषेतच दिसतं. लोड ३० अंशांवर असला तरी ॲक्सेलरोमीटर शून्यच सांगणार. खरा कोन फक्त जायरोकडून येतो आणि तुमचा फिल्टर त्याला सतत शून्याकडे ओढतो.

किती ओढतो, तेही काढता येतं. ०.९० आणि ५० हर्ट्झ म्हणजे फिल्टरचा टाइम कॉन्स्टंट ०.१८ सेकंद. ०.६ मीटर दोरीचा ओमेगा (कोनीय वारंवारता) ४.०४ रेडियन/से, आवर्तनकाळ १.५५ सेकंद. या वारंवारतेला फिल्टर खऱ्या कोनाचा ०.५९ पट दाखवतो, म्हणजे ८ चे ४.७. तुमच्या लॉगमधला आकडा हाच असणार. त्याहून वाईट म्हणजे फेज ५४ अंश पुढे जाते. लोड टोकाला पोचायच्या पाव सेकंद आधीच लॉगमध्ये टोक येतं आणि पॉलिसी चुकीच्या वेळी ब्रेक लावते.

एमपीयू काढा. त्याच्या वायरीही २०० ग्रॅमच्या लोडला अडवतात. ट्रॉलीवर दोन छोट्या बेअरिंगमध्ये शाफ्ट बसवा, त्याला सायकलच्या स्पोकचा १०० मिमी लांब हलका काटा लावा आणि दोरी काट्यातून जाऊ द्या. शाफ्टच्या टोकाला चुंबक, समोर एएस५६०० (चुंबकाचा कोन मोजणारा सेन्सर). रिझोल्यूशन ०.०८८ अंश मिळतं. चुंबक व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेलाच हवा, साधं बटण-चुंबक लावलं तर वाचन भलतंच येतं. नागपुरात बर्डीच्या दुकानात नाही मिळाला तर ऑनलाइन मागवा. काट्याचं भोक दोरीला सैल नको. तिथे अर्धा मिमी खेळ म्हणजे ०.३ अंशांची चूक, मग सेन्सर कितीही बारीक असून काही कामाचा नाही.

स्टेप_मोजा_आधी:
वरचं बरोबर आहे, पण दुसरी चूक त्याहून सोपी आहे आणि ती कुणी बघत नाही.

२० दात गुणिले २ मिमी, म्हणजे एका फेऱ्यात ४० मिमी. १/१६ वर एका फेऱ्याला ३२०० स्टेप, म्हणून ८० स्टेप प्रति मिमी. १६ मेगाहर्ट्झच्या उनोवर ॲक्सेलस्टेपर सेकंदाला साधारण ४००० स्टेपपर्यंतच जाते. ४००० भागिले ८० म्हणजे ५० मिमी/से. भाऊ, तुमची पॉलिसी ३०० मागून राहिली आणि ट्रॉली ५० वर अडकलेली आहे! सिम्युलेटरमधली ट्रॉली अन् टेबलवरची ट्रॉली ही दोन वेगळी यंत्रं झाली.

मायक्रोस्टेप १/४ केलं तर २०० मिमी/से मिळेल, पण मोटर खडखडेल आणि तो कंप दोरीत उतरेल. त्यापेक्षा उनोच्या जागी ईएसपी३२ हा वेगवान बोर्ड घ्या, त्यावर २४,००० स्टेप/से आरामात निघतात. मग ए४९८८ चा करंट नीट लावा. सेन्स रेझिस्टर ०.१ ओहमचा असेल तर १ अँपिअरसाठी व्हीरेफ (ड्रायव्हरवरचं संदर्भ व्होल्टेज) ०.८ व्होल्ट, ०.०६८ चा असेल तर ०.५४. बोर्डावर आर१०० लिहिलंय की आर०६८ ते वाचून घ्या. करंट कमी पडला की जोराच्या वेगवाढीत स्टेप सुटतात आणि ट्रॉली कुठे आहे ते कोडला कळत नाही. प्रत्येक रननंतर लिमिट स्विचवर होमिंग करा (ट्रॉली परत शून्यावर आणा) आणि किती स्टेपचा फरक आला तो लिहून ठेवा.

फायनलइयर_मेक:
खरंच, स्टॉपवॉच लावून पाहिलं तर ८०० मिमीला १६ सेकंद लागले. व्हिडिओवरून काढायला हवं होतं. ईएसपी३२ आणि एएस५६०० मागवतो. सिम्युलेशनमध्ये काय बदलू?

लोलकवाला:
वजन रँडम करणं बंद करा. स्टेपर ट्रॉलीला वेगवाढ देतो, बळ नाही. वेगवाढ हा इनपुट धरला की लोलकाच्या समीकरणात वस्तुमान उरतच नाही. लांबी रँडम करा, ०.३ ते ०.९ मीटर. शिवाय १ ते ४ सॅम्पलचा उशीर, बेअरिंगचं घर्षण आणि कोनाच्या शून्यात अर्ध्या अंशापर्यंत चूक.

ॲक्शन वेगाऐवजी वेगवाढ ठेवा आणि तिच्या बदलावर छोटा दंड लावा, नाहीतर पॉलिसी दर सॅम्पलला पुढे-मागे थरथरते.

रिवॉर्डमध्येही भोक आहे. लोड मधून जाताना कोन शून्य असतो, पण वेग सगळ्यात जास्त. एपिसोड (ट्रेनिंगची एक फेरी) नेमका तिथे संपला तर पॉलिसीला फुकट गुण मिळतात. कोनाऐवजी झोक्याचा आवाका घ्या: कोनाचा वर्ग अधिक (कोनीय वेग भागिले ओमेगा) याचा वर्ग, त्याचं वर्गमूळ. "थांबला" तेव्हाच म्हणायचं, जेव्हा हा आवाका पूर्ण एक आवर्तन अर्ध्या अंशाखाली राहील.

साइटवरचा:
रिव्ह्यूमध्ये पहिला प्रश्न येईल, मशीन लर्निंगशिवाय काय होतं? त्याचं उत्तर हातात ठेवा. इनपुट शेपिंग १९५० च्या दशकापासून माहीत आहे. वेगाच्या आदेशाचा अर्धा भाग लगेच द्यायचा, उरलेला भाग अर्ध्या आवर्तनकाळानंतर, तुमच्या दोरीला ०.७८ सेकंदाने. दहा ओळींचा कोड, सेन्सरही लागत नाही. दोरी धरलेल्यापेक्षा २० टक्के लांब निघाली तर सुमारे १४ टक्के झोका उरतो. तोच आदेश २५-५०-२५ असा तीन हप्त्यांत दिला तर २ टक्के, पण वेळ पूर्ण एका आवर्तनाने वाढतो. स्थिर लांबीवर तुमची पॉलिसी याला हरवणार नाही, हे आत्ताच मान्य करा. तिचा उपयोग कुठे? ट्रॉली चालू असताना होइस्टने दोरी गुंडाळली जाते तिथे, आणि हुक ब्लॉकखाली स्लिंगवर लांब लोड टांगला की एकाचे दोन लोलक होतात तिथे. चाचण्या याच दोन घ्या. आणि दुहेरी लोलकात मात्र हुक आणि लोडच्या वजनाचं प्रमाण परत रँडम करावं लागेल.

स्केलचंही बघा. २० मीटर दोरीचा आवर्तनकाळ ९ सेकंद, मॉडेल १:२० धरलं तर १ मीटरला २ सेकंद. वेळ आणि वेग दोन्ही √२०, म्हणजे सुमारे ४.५ पटीने बदलतात. त्या हिशोबाने ३०० मिमी/से म्हणजे खऱ्या क्रेनवर ८० मीटर/मिनिट, ते चालेल. पण वेगवाढ स्केल होत नाही, जशीच्या तशी राहते. मोठ्या ट्रॉलीला १ मी/से गाठायला काही सेकंद लागतात. मॉडेलवर २ मी/से² वापरून काढलेला निकाल साइटवर कुणी ऐकून घेणार नाही, ०.३ च्या आसपास ठेवा.

फायनलइयर_मेक:
०.३ वर तर ३०० मिमी/से गाठायलाच १ सेकंद आणि १५० मिमी जातील.

साइटवरचा:
जाऊ द्या. थांबायला तेवढेच, मधे ५०० उरतात. तुमच्या रेलला पुरतं.

स्टेप_मोजा_आधी:
रिव्ह्यू उन्हाळ्यात आहे म्हणून दोन गोष्टी. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि स्टेपर एरवीही तेवढा तापतो. मे महिन्यात माउंट वाकून बेल्ट ढिला होईल. जास्त उष्णता सोसणाऱ्या पीईटीजी प्लास्टिकमध्ये काढा किंवा ॲल्युमिनियमची एल-पट्टी लावा. दुसरं, रीडिंग घेताना कूलर बंद ठेवा. त्याच्या झोताने २०० ग्रॅमचा लोड हलत राहतो आणि तो झोका पॉलिसीच्या खात्यात जमा होतो. वाऱ्याची चाचणी हवीच असेल तर कूलर मुद्दाम लावून वेगळी घ्या, अंतर आणि स्पीडचं बटण लिहून.