निवड झाल्यानंतरचे महिने : पोलीस प्रशिक्षणाचे अनुभव

नाशिकमध्ये पहाटे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर किंवा पांडवलेणीच्या पायऱ्यांवर गेले, की पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली हमखास दिसतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक, असे मैदानाचे 50 गुण आणि त्यानंतर लेखी परीक्षेचे 100 गुण, हा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. यादीत नाव लागल्यानंतर पुढे काय असते, असे विचारले तर मात्र ऐकीव गोष्टींपलीकडे त्यांच्याकडे फारसे काही नसते. मी या मुलांना मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान शिकवते, आणि निवड झालेला विद्यार्थी पेढे घेऊन येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरच्या आनंदामागे एक अनामिक धास्तीही मला दरवेळी दिसते. ती धास्ती अज्ञानातून आलेली असते, म्हणून प्रशिक्षण घेतलेल्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत, असे हे आवाहन.

एक गैरसमज आधीच दूर करते. त्र्यंबक रस्त्यावरील महाराष्ट्र पोलीस अकादमी आपल्या शहरात असल्यामुळे सर्वांचे प्रशिक्षण तेथेच होते, असे अनेक पालकांना वाटते. अकादमीत प्रामुख्याने उपनिरीक्षक आणि उपअधीक्षक या पदांवर निवडलेले प्रशिक्षणार्थी घडतात. शिपाई पदावर निवड झालेली नाशिकची मुले जालना, अकोला, नागपूर, धुळे, तुरची, खंडाळा अशा ठिकाणच्या प्रशिक्षण केंद्रांमध्ये जातात. दोन्ही प्रकारचे अनुभव येथे हवे आहेत. मैदानाबद्दल लिहाच, परंतु वर्गात काय शिकलात, आजारपणात काय झाले, घरच्यांपासून दूर राहणे कसे जमले, हेही लिहावे. सहकाऱ्यांची आणि अधिकाऱ्यांची नावे कृपया टाळावीत.

दिंडोरी तालुक्यातील महिला शिपाई

ताई, आपण विषय काढलात हे फार चांगले केले. माझे प्रशिक्षण विदर्भातील एका केंद्रात झाले. भरतीसाठी मी गावाबाहेरच्या रस्त्यावर एकटी धावत असे, त्यामुळे शरीर तयार आहे असा माझा समज होता. पण भरतीचे धावणे काही मिनिटांत संपते आणि प्रशिक्षणात दिवस संपत नाही. पहाटे अंधारात हजेरी, मग पी.टी., न्याहारीनंतर कवायत, दुपारी कायद्याचे वर्ग, संध्याकाळी पुन्हा मैदान आणि रात्री पुन्हा हजेरी. यामध्ये गणवेशाला इस्त्री, बुटांना पॉलिश आणि अंथरुणाची घडी यांनाही वेळ द्यावा लागतो, आणि एकीचे टर्नआउट, म्हणजे गणवेशाची टापटीप, बिघडले तर रगडा, म्हणजे दमवणारी शिक्षा, संपूर्ण स्क्वॉडला लागतो. सुरुवातीला हा अन्याय वाटत असे. नंतर हजेरीच्या आधी आम्ही एकमेकींचे बिल्ले आणि केसांची जाळी तपासू लागलो, आणि एखादी मुलगी तापाने फणफणली असेल तर तिचे बूट दुसरी कोणीतरी न सांगता पुसून ठेवू लागली.

मुलींसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे, कारण ती आम्हाला आधी कोणीही सांगितली नव्हती. मासिक पाळीच्या दिवसांत त्रास होत असेल तर महिला निदेशकांना, म्हणजे प्रशिक्षकांना, सरळ सांगावे. पहिल्या महिन्यात आम्ही लाजेने गप्प राहिलो आणि एक मैत्रीण कवायत सुरू असताना चक्कर येऊन पडली. त्यानंतर आमच्या निदेशक बाईंनी सर्व मुलींना बसवून सांगितले, की ज्या मुलीला स्वतःच्या शरीराबद्दल बोलता येत नाही, तिच्यासमोर उद्या बसणारी पीडित स्त्री कशी बोलेल? ते वाक्य ऐकून वर्ग शांत झाला आणि त्या दिवसापासून आमचे संकोच कमी झाले. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेचा जबाब महिला पोलिसाने घ्यायचा असतो, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. त्यामागची अपेक्षा तेव्हा कळली.

अकादमीतून बाहेर पडलेला उपनिरीक्षक

मी अभियांत्रिकीचा पदवीधर. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास शहरातील एका अभ्यासिकेत केला आणि पुढे अकादमीत दाखल झालो. माझ्या तुकडीत थेट परीक्षेतून आलेले तरुण होते, तसेच शिपाई किंवा हवालदार म्हणून अनेक वर्षे काम करून खात्यांतर्गत परीक्षेतून आलेले सहकारीही होते. धावण्यात आम्ही पुढे असू. पंचनामा लिहिण्याची वेळ आली, की ते पुढे असत. माझ्या खोलीतील असेच एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, यांच्याकडून मी वर्गात शिकलो तितकेच शिकलो.

बाहेरच्या लोकांना प्रशिक्षण म्हणजे परेड वाटते. माझ्या दृष्टीने खरी कसोटी कायद्याची होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले, आणि आम्ही परीक्षेसाठी घोकलेले कलमांचे आकडे एका दिवसात जुने झाले. खुनासाठी 302 ऐवजी 103, फसवणुकीसाठी 420 ऐवजी 318, प्रथम खबरी अहवालासाठी 154 ऐवजी 173. त्याच वेळी 1 जुलैपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनाच दंड कायदा लागू राहणार असल्यामुळे दोन्ही कायदे डोक्यात एकाच वेळी ठेवावे लागतात. आमचे विधी निदेशक आकडे पाठ करण्यावर भर देत नसत. कलम पुस्तकात पाहता येते, परंतु घटनास्थळी काय करायचे राहून गेले तर ते पुन्हा करता येत नाही, असा त्यांचा आग्रह होता.

त्यामुळे सरावासाठी बनावट घटनास्थळे उभारली जात. एका खोलीत उलटलेली खुर्ची, फुटलेला काचेचा पेला, लाल रंगाचे डाग, उघडे कपाट, आणि आम्ही पंचांसह आत जाऊन पंचनामा लिहायचा. पहिल्या सरावात बहुतेकांनी आत पाऊल टाकताच वस्तूंना हात लावले. दादांनी मात्र दारातच थांबून दिशा ठरवल्या, खोलीचे मोजमाप घेतले, कोणती वस्तू कोणत्या भिंतीपासून किती अंतरावर आहे ते लिहिले आणि त्यानंतरच ते आत गेले. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण करावे लागते, आणि सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येण्याची तरतूद कलम 176 मध्ये आहे. हे ऐकायला सोपे आहे. मात्र एका हातात मोबाइल, शेजारी पंच, समोर रडणारे नातेवाईक आणि दारात जमलेली गर्दी, अशा स्थितीत मुद्देमाल सीलबंद करून त्यावर पंचांच्या सह्या घेणे किती कठीण असते, हे सरावातच कळते.

अभिरूप न्यायालयाचा तास मला सर्वांत उपयुक्त वाटला. आपणच लिहिलेला पंचनामा हाती घेऊन बचाव पक्षाचा वकील झालेले निदेशक प्रश्न विचारत, की वेळ कोणत्या घड्याळात पाहिली, प्रकाश कोठून येत होता, पंच त्या भागातील रहिवासी होते का, आणि चार साध्या प्रश्नांत चांगल्या वाटणाऱ्या लेखनाचा पाया डळमळत असे. भरतीची तयारी करणाऱ्या भावंडांनी रोज एक पान स्वच्छ, अचूक मराठीत लिहिण्याची सवय आजपासून लावावी, असे मी मनापासून सांगतो. फिर्याद आपण लिहितो, पण ती फिर्यादीची असते. त्याने सांगितले नाही ते त्यात घालायचे नाही आणि सांगितलेले गाळायचे नाही, ही शिस्त कवायतीच्या शिस्तीहून अवघड आहे.

निवृत्त कवायत निदेशक

वरील अनुभव वाचून समाधान वाटले. कवायतीबद्दल थोडे लिहितो, कारण तिच्याकडे शिक्षा म्हणून पाहिले जाते. तेज चल म्हणजे मिनिटाला 120 पावले आणि प्रत्येक पाऊल 30 इंचांचे. एवढ्या मापात शंभर माणसे एकत्र चालू लागली, की प्रत्येकाला आपल्या घाईवर ताबा ठेवावाच लागतो. दगड येत असताना हुकमाशिवाय लाठी न उगारणारा जमाव नियंत्रणातला शिपाई याच मैदानावर तयार होतो. गोळीबाराच्या सरावातही हेच सूत्र आहे. नेम किती लागला याइतकेच किती काडतुसे दिली आणि किती रिकाम्या पुंगळ्या परत आल्या याला महत्त्व असते, आणि हिशेब जुळेपर्यंत कोणीही फायरिंग बटवरून, म्हणजे गोळीबाराच्या मैदानावरून, हलत नाही.

सुरगाणा तालुक्यातील शिपाई

आमच्या पाड्यावरून पोलीस दलात गेलेला मी पहिलाच. घरी आम्ही कोकणा आदिवासींची कोकणी बोली बोलतो, शाळा आश्रमशाळेत झाली, त्यामुळे केंद्रात सुरुवातीला मी फार कमी बोलत असे. धावण्यात आणि डोंगर चढण्यात मला कधीच अडचण आली नाही. वर्गात उभे राहून उत्तर देणे मात्र जड जाई. एका निदेशकांनी हे ओळखले आणि मला रोज संध्याकाळी दिवसाची नोंद ठाणे दैनंदिनीप्रमाणे लिहून दाखवायला सांगितली. वेळ, ठिकाण, घटना, केलेली कार्यवाही. त्या लेखनातून माझी भीती गेली.

प्रशिक्षणाच्या काळात वेतन मिळते, हे अनेक गरीब घरांतील मुलांना ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम लिहितो. पहिल्या वेतनातून वडिलांचे डोळ्यांचे ऑपरेशन नाशिकला झाले. सुटीत घरी गेलो तेव्हा पाड्यावरची माणसे माझ्याशी थोडी अंतर राखून बोलू लागली, याचे वाईट वाटले. पोलीस ठाण्यात जाताना आमच्या माणसांचे पाय का अडखळतात, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. आता तेथे गेल्यावर त्यांच्या भाषेत विचारणारा एक तरी माणूस असेल.

प्रशिक्षण अर्धवट थांबलेला एक तरुण, सिन्नर

सर्वच अनुभव यशाचे नसतात, म्हणून लिहीत आहे. प्रशिक्षणाच्या दुसऱ्या महिन्यात माझ्या नडगीत दुखू लागले. सुरुवातीला वेदना केवळ धावल्यानंतर असे, पुढे चालतानाही असे. तक्रार केली तेव्हा मी कामचुकारपणा करीत आहे असे समजले गेले आणि मी वेदनाशामक गोळ्या घेऊन धावत राहिलो. अखेर तपासणीत हाडाला सूक्ष्म भेग असल्याचे निष्पन्न झाले. त्या वागणुकीचा राग माझ्या मनात आजही आहे, आणि तो असणे योग्यच आहे असे मला वाटते. अशी भेग अचानक वाढलेल्या सरावामुळे पडते, विश्रांतीने भरते आणि दुर्लक्ष केल्यास हाड पूर्ण मोडू शकते. नडगीच्या एका ठराविक बिंदूवर बोटाने दाबल्यावर कळ येत असेल आणि रात्रीही दुखत असेल, तर लेखी अर्ज देऊन वैद्यकीय तपासणी मागावी आणि अर्जाची पोच घ्यावी. मी बरा झालो असून पुढील तुकडीबरोबर प्रशिक्षण पूर्ण करणार आहे. भरतीनंतर केंद्रात जाईपर्यंत मिळणाऱ्या काळात अनेक जण धावणे पूर्ण बंद करतात; ते करू नये, कारण त्यानंतरचा भार शरीराला एकदम झेपत नाही.

महापालिका शाळेतील शिक्षिका

आपला विषय तरुणांचा असला तरी स्टुडंट पोलीस कॅडेट उपक्रमाचा उल्लेख येथे उचित ठरेल. केरळमध्ये 2010 साली सुरू झालेला हा उपक्रम 2018 पासून देशभर राबवला जात आहे आणि तो मुख्यतः आठवी-नववीच्या मुलांसाठी आहे. आमच्या मुली पोलीस ठाण्याच्या भेटीला गेल्या तेव्हा तक्रार कशी नोंदवतात हे त्यांनी प्रथमच पाहिले. एका मुलीने विचारले, की हद्द दुसऱ्या ठाण्याची असेल तर परत पाठवतात का? तेथील अधिकाऱ्यांनी तिला झिरो एफ.आय.आर., म्हणजे हद्द कोणाचीही असली तरी कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवण्याची सोय, समजावून सांगितला. ही माहिती तिने घरी जाऊन आईला सांगितली, हे मला नंतर पालकसभेत कळले.

नाशिक शहरात नेमणूक असलेली महिला उपनिरीक्षक

प्रशिक्षणातील गर्दी नियंत्रणाचा पाठ माझ्यासाठी घरचा होता, कारण मी पंचवटीत वाढले. 27 ऑगस्ट 2003 रोजी सिंहस्थात सरदार चौकाजवळ झालेल्या चेंगराचेंगरीत 39 भाविकांचा मृत्यू झाला. त्या रस्त्याने मी शाळेत गेले आहे. वर्गात जेव्हा गर्दीच्या घनतेचा विषय आला, तेव्हा अरुंद, उताराच्या रस्त्यावर पुढची माणसे थांबली आणि मागची चालत राहिली तर काय होते, हे समजण्यासाठी मला आकृतीची आवश्यकता नव्हती. चेंगराचेंगरीत बहुतेक मृत्यू तुडवले जाण्यापेक्षा छातीवरील दाबामुळे श्वास कोंडून होतात. म्हणूनच गर्दी अडवून ठेवण्यापेक्षा ती दूर अंतरावरच टप्प्याटप्प्याने सोडणे, येण्याचा आणि जाण्याचा मार्ग वेगळा ठेवणे आणि सर्वांत पुढच्या शिपायाचा आवाज सर्वांत मागच्या शिपायापर्यंत वायरलेसवर तत्काळ पोहोचणे, या तीन गोष्टी आम्हाला पुनःपुन्हा करून दाखवाव्या लागत.

2027 चा सिंहस्थ समोर आहे. त्या वेळी बंदोबस्तावर उभे राहणाऱ्या अनेक शिपायांचे प्रशिक्षण नुकतेच पूर्ण झालेले असेल, आणि रामकुंडाकडे येणाऱ्या गल्ल्या त्यांनी पूर्वी पाहिलेल्याही नसतील. माझ्याबरोबर नेमणुकीस आलेल्या नव्या मुलांना मी सुटीच्या दिवशी साध्या वेशात काळाराम मंदिर, सरदार चौक, रामकुंड आणि गाडगे महाराज पूल असा परिसर पायी दाखवते. कोणती गल्ली पुढे बंद होते, पायऱ्या कोठे निसरड्या आहेत, रुग्णवाहिका कोठपर्यंत येऊ शकते, हे त्यांनी स्वतः वहीत लिहायचे असते. ताईंच्या विद्यार्थ्यांपैकी कोणाची निवड झाली असेल आणि केंद्रात जाण्यास अवकाश असेल, तर त्यांनीही आमच्याबरोबर यावे. रविवारी सकाळी आम्ही काळाराम मंदिराच्या पूर्व दरवाजापासून निघतो. पाण्याची बाटली आणि वही सोबत असावी.