लाकडी भिंतींच्या खोलीत सरपणाची शेगडी : धुराची नळी भिंतीतून काढावी की छतातून?

देवदार (प्रश्न)

आमची बैठकीची खोली साधारण पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद असून तिच्या भिंती आणि तक्तपोशी लाकडाची आहे. थंडीत ती उबदार राहावी म्हणून मी बंद दाराची, ओतीव लोखंडाची एक वापरलेली शेगडी घेतली आहे. तिच्यासोबत माहितीपुस्तिका आलेली नाही आणि सुरक्षित अंतरे लिहिलेली पट्टीही तिच्या पाठीवर नाही.

माझा बेत पुढीलप्रमाणे आहे. शेगडी कोपऱ्यात, भिंतीपासून ३० सेंटिमीटरवर ठेवावी, मागच्या लाकडी भिंतीवर विटांचा एक थर चिकटवून घ्यावा आणि एकपदरी पत्र्याची नळी त्याच भिंतीतून बाहेर काढून वळचणीपर्यंत वर न्यावी. छप्पर फोडले की पावसाळ्यात गळती लागेल, ही भीती असल्याने वरून नळी नेण्याचे मी टाळतो आहे. रात्री शेगडी गच्च भरून हवेची झडप जवळजवळ बंद केली, तर सकाळपर्यंत निखारे टिकतील असा माझा अंदाज आहे. सरपण दोन महिन्यांपूर्वी तोडलेल्या झाडाचे आहे. ३० सेंटिमीटर अंतर पुरेल का आणि नळी भिंतीतून नेण्यात काही धोका आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

ओलंबा

आपण अंतराविषयी विचारले आहे, म्हणून मी तेवढ्याचेच उत्तर देतो. धुराड्याविषयी अन्य कुणी अधिक अधिकाराने सांगू शकेल.

ज्या शेगडीवर अंतराची पट्टी नाही, तिच्यासाठी अमेरिकेतील एनएफपीए २११ या मानकात जळू शकणाऱ्या वस्तूपासून ९१ सेंटिमीटर, म्हणजे ३६ इंच अंतर सांगितले आहे. हे अंतर केवळ भिंतीला लागू नाही. पडदे, आरामखुर्ची, सरपणाची टोपली आणि वाळत टाकलेले कपडे यांनाही ते तितकेच लागू आहे, आणि रोजच्या वावरात नेमका याच गोष्टींचा विसर पडतो. एकपदरी नळीपासून लाकडापर्यंत ४६ सेंटिमीटर अंतर हवे. आपण ठरवलेले ३० सेंटिमीटर आजच्या स्थितीत मुळीच पुरेसे नाही.

विटा चिकटवण्याच्या कल्पनेत एक मोठा गैरसमज आहे. वीट जळत नाही हे खरे, पण ती उष्णता अडवत नाही, हळूहळू तापते आणि मागच्या लाकडाला ती उष्णता पोहोचवते. म्हणूनच लाकडाला टेकून बांधलेल्या साडेतीन इंची विटांच्या भिंतीला त्या मानकात केवळ एक तृतीयांश सवलत मिळते. ९१ चे ६१ सेंटिमीटर होतात, त्याहून कमी नाही. पातळ फरशी किंवा विटांच्या चकत्या चिकटवल्यास तीही सवलत मिळत नाही. याउलट भिंतीपासून एक इंच पोकळी सोडून पत्रा उभा केला आणि तो खाली व वर उघडा ठेवला, तर पोकळीतली हवा तापून वर निघून जाते, खालून थंड हवा येत राहते आणि मागची भिंत गार राहते. अशा साध्या पत्र्याच्या आडोशाने ९१ सेंटिमीटरचे अंतर ३० सेंटिमीटरपर्यंत आणता येते. आडोसा भिंतीला धरून ठेवणारे खिळे थेट शेगडीच्या किंवा नळीच्या मागे येऊ देऊ नयेत, कारण त्यांच्यातूनही उष्णता लाकडात जाते.

भिंतीला हात लावून पाहिला, चटका बसला नाही, म्हणून सगळे ठीक आहे असे समजू नये. वर्षानुवर्षे उष्णता सोसणारे लाकूड आतल्या आत कोळशासारखे होत जाते आणि ताज्या लाकडापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला पेट घेऊ शकते. त्यामुळे चार हिवाळे सुखरूप गेले, हा पाचव्या हिवाळ्याचा भरवसा होऊ शकत नाही.

जमीन लाकडी असेल तर शेगडीखाली न जळणारा ओटा घालावा आणि दाराच्या बाजूला तो किमान ४५ सेंटिमीटर पुढे यावा, कारण दार उघडताना ठिणगी तिथेच पडते. पाय आखूड असतील तर केवळ फरशी पुरत नाही, खाली उष्णतारोधक थरही लागतो.

काजळी

मी बरीच वर्षे धुराडी साफ करतो. शेगडीचे भय सर्वांना वाटते, पण माझ्या अनुभवात घरे धोक्यात येतात ती बहुधा धुराड्यामुळे. आपल्या बेतातील एकपदरी नळी, ओले सरपण आणि रात्री कोंडून ठेवलेली आग या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने नेतात, म्हणून त्यांचा एकत्र विचार करावा लागेल.

धूर वर जातो तो केवळ गरम असतो म्हणून. बाहेरच्या थंड हवेत उघडी एकपदरी नळी झपाट्याने निवते, धूर वर खेचणारी ओढ मंदावते आणि धुरातले न जळलेले डांबरी द्रव्य नळीच्या आतल्या अंगावर साचू लागते. धुराचे तापमान साधारण १२० अंश सेल्सियसखाली गेले की हे साचणे वाढते. याला क्रिओसोट म्हणतात. आधी ती साधी काजळी असते, मग पापुद्रे येतात आणि दुर्लक्ष झाले तर काळ्या काचेसारखा गुळगुळीत, कडक थर बनतो, जो ब्रशने निघत नाही. तो पेटला तर धुराड्यात तापमान १००० अंशांच्या पुढे जाऊ शकते.

म्हणून एकपदरी नळी खोलीच्या आत, दिसेल अशा जागीच असावी. भिंत, तक्तपोशी किंवा माळा ओलांडताना उष्णतारोधक थर असलेले, कारखान्यात तयार झालेले धुराडेच वापरावे आणि त्याच्या भोवती उत्पादकाने सांगितलेली पोकळी, बहुधा ५ सेंटिमीटर, मोकळी सोडावी. त्या पोकळीत काही कोंबू नये. पुष्कळ जण थंडी येते म्हणून तिथे कापूस किंवा फेस भरतात आणि स्वतःच्या हाताने संकट ओढवून घेतात.

वळचणीपाशी नळी संपवणे तर सर्वथा अयोग्य आहे. छपरातून जिथे धुराडे बाहेर येते तिथून ते किमान ९० सेंटिमीटर उंच असावे आणि तीन मीटरच्या परिघातील छपराच्या कोणत्याही भागापेक्षा किमान ६० सेंटिमीटर वर यावे, असा नियम आहे. तसे न केल्यास वारा छपरावरून घसरून खाली दाबतो आणि धूर घरात उलटतो, शिवाय ठिणग्या वळचणीच्या लाकडावर पडतात. शेगडीपासून टोकापर्यंत साडेचार मीटरच्या आसपास उभी उंची मिळाली तर ओढ चांगली राहते. काटकोनी वळणे दोनपेक्षा अधिक नसावीत. भिंतीतूनच जायचे असेल, तर बाहेरून उष्णतारोधक धुराडे सरळ वर न्यावे आणि तळाशी साफसफाईचे झाकण ठेवावे. परंतु माझे मत विचाराल तर छतातून सरळ वर जाणारे धुराडे केव्हाही सरस, कारण त्याचा मोठा भाग घराच्या उबेत राहतो.

नळीचे तुकडे जोडताना आत जाणारे, चुण्या घातलेले टोक खाली शेगडीकडे ठेवावे. वरून ओघळणारे डांबर त्यामुळे आतल्या आतच परत शेगडीत येते. उलटे जोडले तर ते सांध्यातून बाहेर पाझरते आणि त्याचा वास महिनोन्महिने जात नाही. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू मारावेत.

आता सरपण. दोन महिन्यांचे लाकूड ओलेच समजावे. ताज्या लाकडात वजनाच्या निम्मे पाणी असू शकते, आणि ते पाणी वाफ करून घालवण्यातच आगीची बरीच शक्ती खर्ची पडते. लाकूड फोडून, वरून झाकून आणि बाजूंनी वारा खेळेल असे रचून सहा महिने ते दोन वर्षे वाळवावे लागते. ओलावा २० टक्क्यांच्या खाली आला पाहिजे. मोजताना ओंडका नव्याने फोडून आतल्या ताज्या अंगावर मापक टोचावा, कारण बाहेरची साल सर्वांनाच फसवते.

आगपेटी

काजळी यांच्याशी मी सहमत आहे. रात्रीच्या बेताविषयी मात्र त्यांनी अधिक कठोरपणे सांगायला हवे होते. झडप बंद करून धुमसत ठेवलेली आग धुराड्यात डांबर तर साचवतेच, पण निखाऱ्यांच्या अवस्थेत कार्बन मोनॉक्साइड भरपूर निर्माण होतो आणि नेमकी तेव्हाच धुराड्याची ओढ मंदावलेली असते. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही लक्षणे जागेपणी जाणवतील, झोपेत जाणवणार नाहीत. झोपण्यापूर्वी शेवटची, लहान आणि झळझळीत आग करून ती विझू द्यावी, आणि निखारे पूर्ण विझेपर्यंत धुराड्यातली झडप कधीही बंद करू नये.

या वायूचा इशारा देणारे यंत्र शेगडीच्या खोलीत आणि झोपण्याच्या खोलीजवळ, अशा दोन ठिकाणी बसवावे. ते शेगडीच्या अगदी डोक्यावर नसावे, एक ते तीन मीटर बाजूला असावे. धुराचा इशारा देणारे यंत्र वेगळे असते आणि ते याची जागा घेऊ शकत नाही.

पेटवण्याबाबत माझी एक सवय सांगतो, जी जुन्या लोकांना पटत नाही. मी जाड लाकडे खाली, त्यावर बारीक काटक्या आणि सर्वांत वर ढलप्या ठेवून वरून आग लावतो. ज्योत वरून खाली उतरत असल्याने निघणारा धूर ज्योतीतून जाऊन जळतो आणि धुराडे लवकर तापते. पेट्रोल, रॉकेल यांचा थेंबही वापरू नये. रंगवलेले, रसायन लावलेले किंवा प्लायवूडचे तुकडे आणि प्लॅस्टिक जाळू नये, कारण त्यांचा धूर विषारी असतो. समुद्रातून वाहून आलेले खारे लाकूड लोखंड कुरतडते.

शेगडीच्या दाराच्या कडेला फट बंद करण्यासाठी बसवलेली उष्णता सोसणारी दोरी तपासण्यासाठी दारात कागदाची पट्टी धरून दार बंद करावे. पट्टी सहज ओढून निघाली तर दोरी बदलण्याची वेळ झाली आहे. वापरलेली शेगडी असल्याने पेटवण्यापूर्वी आत दिवा धरून लोखंडाला तडे गेलेले नाहीत ना, हेही काळोखात पाहावे. प्रकाश बाहेर दिसला तर हवा आत शिरणार हे निश्चित.

राखेचे मात्र माझ्या चुकीवरून शिकावे. दोन दिवस थंड असलेल्या शेगडीतली राख मी एकदा पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून लाकडी ओसरीवर ठेवली. राखेत हात घालून पाहिला होता, ती गार होती. पहाटे ओसरीच्या दोन फळ्यांना आरपार भोक पडलेले आणि खोक्याची काळी चौकट उरलेली दिसली. राख हे उत्तम पांघरूण आहे, तिच्याखाली निखारा कित्येक दिवस जिवंत राहतो. तेव्हापासून घट्ट झाकणाचे पत्र्याचे डबडे, तेही घरापासून दूर, उघड्या मातीवर.

देवदार

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. बेत बदलला आहे. पोकळीसह पत्र्याचा आडोसा, छतातून उष्णतारोधक धुराडे आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत सरपण वाळवणे, असे ठरवले आहे. यंदा वाळलेले सरपण मिळाले तरच शेगडी पेटेल. दोन शंका उरल्या आहेत. स्वयंपाकघरात धूर ओढणारा जोरदार पंखा आहे, त्याचा काही संबंध येतो का? आणि धुराड्याने पेट घेतलाच तर काय करावे?

काजळी

पंख्याचा संबंध येतो आणि तो गंभीर आहे. घट्ट बंद घरातून पंखा हवा बाहेर फेकतो तेव्हा तेवढी हवा कुठून तरी आत यावीच लागते, आणि सर्वांत सोपी वाट धुराड्याची असते. मग धूर उलटा खोलीत येतो. शेगडीला बाहेरून हवा देणारी स्वतंत्र नळी जोडता आली तर उत्तम. तसे नसेल तर शेगडी पेटलेली असताना पंखा चालवू नये, किंवा खिडकी उघडी ठेवावी.

धुराडे पेटले की आगगाडी जवळून जावी तसा घोंघावणारा आवाज येतो आणि नळी थरथरते. शेगडीचे दार व हवेची झडप बंद करावी, घरातील सर्वांना बाहेर काढावे आणि बाहेरूनच अग्निशमन दलाला कळवावे. पाणी ओतू नये, कारण तापलेले धुराडे तडकते आणि वाफेने भाजते. आग आपोआप विझली असे दिसले तरी जाणत्याने आतून तपासल्याशिवाय पुन्हा काडी लावू नये. ही वेळच येऊ नये म्हणून दर हंगामाआधी एकदा धुराडे साफ करून घ्यावे, आणि पहिल्या वर्षी महिन्यातून एकदा आत डोकावून पाहावे. थर तीन मिलिमीटर जाड झाला की साफसफाई पुढे ढकलू नये.

ओलंबा

गळतीची चिंता राहिली, म्हणून तेवढे सांगतो. छपरातून धुराडे निघते तिथे पत्र्याचा झालर असलेला गळपट्टा बसवतात. त्याची वरची कड कौलांच्या किंवा पत्र्याच्या खाली आणि खालची कड त्यांच्या वर असावी, आणि गळपट्ट्याच्या वर धुराड्यालाच एक टोपी घट्ट बांधावी. बहुतेक गळती ही कड उलटी बसवल्यामुळे होते. काम चालू असताना शिडीवर चढून स्वतः पाहून घ्यावे, कारण एकदा कौले बसली की ते दिसत नाही.