डेट्रॉइटचे टेक्नोवाले जगले कशावर?

रात्रपाळी (इचलकरंजी):
घराला लागूनच मागाची शेड आहे. दिवसा वडिलांच्या हाताखाली असतो, रात्री ११ नंतर लॅपटॉपवर टेक्नोचे, म्हणजे यंत्रांवर केलेल्या ठेक्याच्या संगीताचे, ट्रॅक करतो. तीन वर्षांत चाळीसेक झालेत. अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे अंडरग्राउंड रेझिस्टन्स, ड्रेक्सिया, रॉबर्ट हूड हे माझे देव. आई विचारते, "ह्यातनं कुणाचं पोट भरलंय का?" मला सांगता येत नाही. ही माणसं जगली कशावर आणि शिकली कुणाकडनं? मोटारींच्या कारखान्यांचा आवाज ऐकून टेक्नो झालं म्हणतात, ते खरं का?

ग्रँडरिव्हर:
मी मूळचा चिंचवडचा. १९ वर्षं डेट्रॉइटच्या उपनगरात मोटारींच्या सुट्या भागांचं काम करतोय, म्हणून कारखान्यापासूनच सुरुवात करतो. ती गोष्ट अर्धीच खरी आहे. टेक्नोची सुरुवात करणारे हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन शिकले बेलव्हिलला. ते शहराबाहेर, तळ्याकाठचं गाव. त्यांचे कान तयार केले रेडिओनं. इलेक्ट्रिफाइंग मोजो नावाचा निवेदक रात्री जर्मनीचं क्राफ्टवर्क, प्रिन्स, फंकाडेलिक असं सगळं एकाच बैठकीत ऐकवायचा. हे काळ्यांचं, ते गोऱ्यांचं, अशी वाटणी त्याला मान्यच नव्हती. ऐकणाऱ्यांना सांगायचा, घराबाहेरचे दिवे लावा, गाडीत असाल तर हॉर्न वाजवा. आमच्या प्लांटमधले एक जुने गृहस्थ हे सांगताना आजही हरखून जातात.

मोजो लोकांना चेहरा दाखवत नसे. अंडरग्राउंड रेझिस्टन्सच्या माइक बँक्सनं तोंडावर बांधलेलं फडकं पाहिलं की मला तोच आठवतो. 'माणूस नको, संगीत पाहा' हे ह्या मंडळींनी मनापासून पाळलं.

आता आईंचा प्रश्न. बँक्स आधी दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला बास गिटार वाजवायचा. जेफ मिल्स 'विझार्ड' नावानं रेडिओवर रेकॉर्ड फिरवायचा. दोघांनी मिळून अंडरग्राउंड रेझिस्टन्स काढलं, हूड लवकरच येऊन मिळाला. मोठ्या कंपन्यांच्या दारात जायचं नाही हे ठरलेलं, म्हणून वितरणही स्वतःचंच उभं केलं, सबमर्ज नावानं. रेकॉर्डची मूळ तबकडी रॉन मर्फी कोरायचा, तोही डेट्रॉइटचाच. तबकडीच्या आतल्या कडेला तो बारीक अक्षरांत निरोप कोरून ठेवायचा. मी पहिल्यांदा दिव्याखाली धरून वाचला तेव्हा अंगावर काटा आला.

मिल्स न्यूयॉर्कला गेला, पुढे जगभर वाजवू लागला. बँक्स डेट्रॉइटमध्येच राहिला, शाळेतल्या पोरांना बेसबॉल शिकवत. ड्रेक्सिया ह्या जोडीतला जेम्स स्टिन्सन ट्रक चालवायचा. गुलामांच्या जहाजांवरून समुद्रात फेकलेल्या गरोदर बायकांची मुलं पाण्याखालीच जन्मली आणि त्यांनी तिथं देश वसवला, ही कल्पना ड्रेक्सियाची. २००२ मध्ये स्टिन्सन गेला, अवघा ३२ वर्षांचा. त्याच्या वाट्याला पैसा आणि नाव दोन्ही कमीच आलं, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

तेव्हा आईंना खरं तेच सांग. काहींचं भरलं, पुष्कळांनी दुसरं काम धरून हे केलं.

गिरगावकर:
आपल्या मुंबईचे चरणजित सिंगही सांगा की! हिंदी सिनेसंगीतात वाजवणारा माणूस. १९८२ मध्ये रोलंड कंपनीची ३०३ (बासचे सूर काढणारं) आणि ८०८ (ताल धरणारं) ही यंत्रं घेऊन त्यांनी डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. तेव्हा कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि सत्तरीत परदेशांतून बोलावणी आली. ३०३ च्या आवाजावर उभं राहिलेलं शिकागोचं नाचाचं संगीत, ॲसिड हाउस, त्याचा शोध आपलाच!

ग्रँडरिव्हर:
सिंगसाहेबांबद्दल मलाही अभिमान आहे, पण शोधाचं श्रेय ओढून घेऊ नये. शिकागोच्या पोरांनी ३०३ हाती घेतली ती स्वतःच्या वाटेनं. इकडे मुंबईत एक वादक त्याच यंत्रावर भैरव वाजवत होता, एवढंच पुरेसं मोठं आहे.

रात्रपाळी:
दादा, आईला ट्रकचं सांगितलं. गप्प बसली, मग म्हणाली, "त्याच्या आईला ऐकवायचा का तो?" आज पहिल्यांदा तिला हेडफोन दिला. एक विचारू? धागा तुटला की माग थांबतो, त्याच्या आधी लय किंचित अडखळते. मला तेवढंच घेऊन सहा मिनिटांचा ट्रॅक करायचाय. फार कमी होईल का?

ग्रँडरिव्हर:
हूडचं १९९४ चं काम पुन्हा ऐक. मोजून तीन-चार आवाज आहेत. कमी होणार नाही. मोबाइल शेडच्या भिंतीला टेकवून रेकॉर्ड कर, मागाजवळ नको, तिथं आवाज फाटेल. आणि झालं की इथंच टाक.