राख आणखी बारीक दळली तर पेव्हर ब्लॉक लवकर कडक होतील का?

सिन्नरचा ब्लॉकवाला: आमचा पेव्हर ब्लॉकचा छोटा कारखाना आहे. एकलहऱ्याच्या वीज केंद्राची राख 20 टक्के सिमेंटच्या जागी घालतो. उन्हाळ्यात अडचण नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र दुसऱ्या दिवशी साच्यातून काढताना कडा झडतात. राख बॉल मिलमध्ये (लोखंडी गोळ्यांच्या गिरणीत) दळून घाला असं एकाने सुचवलंय. खर्च करावा का?

साइट सुपरवायझर: कॅल्शियम क्लोराईड टाका, रात्रीत कडक होतील.

क्यूब टेस्टिंग: क्लोराईड नको. ब्लॉकवर पांढरे डाग वाढतील, आणि त्याच मिक्सरमध्ये कधी सळईची झाकणं भरलीत तर सळई गंजेल.

राख एकटी घट्ट होत नाही. सिमेंट भिजल्यावर चुना सुटतो, त्याच्याशी राखेतली सिलिका जुळते तेव्हा ताकद येते. याला आठवडे लागतात, थंडीत अजून जास्त. पहिल्या रात्री बारीक राखेचा उपयोग होतो तो वेगळ्या कारणाने: सिमेंटपासून तयार होणाऱ्या जेलला कणांवर बसायला भरपूर जागा मिळते, त्यामुळे सिमेंटच वेगाने काम करतं. म्हणजे सुचवणाऱ्याचं म्हणणं चुकीचं नाही. पण राखेचे कण गोल असतात, म्हणून माल सरकतो. मिलमध्ये जास्त दळली की ते फुटतात आणि पाणी जास्त लागतं. पाणी वाढलं की कमावलेलं गेलंच.

त्यापेक्षा बारीक राख निवडून घ्या. वीज केंद्रात धुरातली राख पकडणाऱ्या ईएसपीला ओळीने हॉपर असतात. पहिल्यात जाड राख पडते, शेवटच्यात सगळ्यात बारीक. पुरवठादाराकडे तीच मागा. तळ्यातली (पाण्याबरोबर तळ्यात सोडलेली) राख अजिबात नको. राखेच्या आयएस 3812 या भारतीय मानकाप्रमाणे 45 मायक्रॉनच्या चाळणीवर 34 टक्के उरलेली चालते, तुमच्यासाठी मी 10 टक्क्यांच्या वर घेणार नाही.

सिमेंट कोणतं वापरता?

सिन्नरचा ब्लॉकवाला: पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं पोझोलाना सिमेंट.

क्यूब टेस्टिंग: मग मिल राहू द्या. पीपीसीत कंपनीनेच 15 ते 35 टक्के राख घातलेली असते, त्यावर तुमची 20. मानकाप्रमाणे तीन दिवसांची किमान ताकद पीपीसीला 16 एमपीए (दाब सोसण्याचं माप), ओपीसी 53 ला, म्हणजे राख नसलेल्या साध्या सिमेंटला, 27. थंडीपुरतं ओपीसी घ्या, सिमेंट कमी करू नका, राख थोड्या क्रश सँडच्या जागी घाला. मिसळायचं पाणी कोमट घ्या. जुन्या आणि नव्या, दोन्ही मालाचे क्यूब (चाचणीचे ठोकळे) भरून एक आणि तीन दिवसांनी फोडा, आकडे इथे टाका. मग प्रमाण ठरवू.